कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी

आमच्या घरची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६६ सालची आहे. मुंबईतील नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी अधिकाऱ्याकडून वडिलांनी ती घेतली, काही वर्षे हौसेने चालवली आणि १९९८ च्या पावसाळ्यानंतर कोरेगाव रस्त्यावरील आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी करून ठेवली; त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ती तिथून हलली नाही. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात या गाडीच्या पाच लाखांहून अधिक प्रती तयार झाल्या, त्यामुळे तिचे बहुतेक सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही नव्याने बनतात आणि कस्टम ड्युटी भरण्याची तयारी असेल तर साताऱ्यात घरपोच येतात. म्हणजे भाग न मिळणे ही या कामातली मोठी अडचण नव्हती. कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे, हा क्रम पाळणे अधिक कठीण होते, कारण बॉनेट उघडताच दिसणारे दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे भाग) पाहून प्रत्येक जाणकाराचा हात आपसूक त्यांच्याकडेच जात असे.

आमच्या मिस्त्रींचा हात मात्र गेला नाही. त्यांचे निम्मे आयुष्य ॲम्बॅसिडर दुरुस्त करण्यात गेले आहे, आणि ही ओळख येथे फार उपयोगी पडली. कारण ॲम्बॅसिडरमध्ये अनेक वर्षे बसवले जाणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज या एकाच घराण्यातली आहेत. भाग सरसकट एकमेकांना लागत नाहीत, पण रचना तीच, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) तसेच, टॅपेट सेट करण्याची, म्हणजे व्हॉल्व्हजवळचे बारीक अंतर जुळवण्याची, रीतही तीच. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी सांगितले, “दादा, आधी ब्रेक, मग पाणी, मग पेट्रोल, मग करंट. कार्बोरेटर शेवटी. तो सगळ्यांची पापं पोटात घालतो, म्हणून त्याला आधी फिरवायचं नाही.” पुढे काम अडले तेव्हा प्रत्येक वेळी याच क्रमाने उत्तर सापडले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सेल्फ मारण्याचा विचार करण्यापूर्वी इंजिन हाताने फिरते का, हे पाहणे आवश्यक होते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात आणि तशा स्थितीत सेल्फचा जोर लावला तर रिंग तुटते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे पातळ तेल थोडेथोडे सोडले आणि ते मुरू देण्यासाठी घाई न करता वाट पाहिली. त्यानंतर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागून हळूहळू ढकलली, तेव्हा इंजिन कुरकुर न करता फिरले. कॉम्प्रेशन मोजले असता तीन सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तिसऱ्याचा मात्र बराच खाली होता. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तरी आकडा वाढला नाही. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलामुळे फट भरून आकडा वाढला असता. तो वाढला नाही, याचा अर्थ गळती व्हॉल्व्हमधून होती. रॉकर कव्हर उघडल्यावर त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिच्यात) गंजून किंचित उघडाच राहिल्याचे दिसले. हेड न उतरवता, स्प्रिंगवर लाकडी मुठीने हलके ठोके देत आणि गाइडपाशी तेल सोडत मिस्त्रींनी तो मोकळा केला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये याच दोषासाठी पूर्ण इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला होता, हे येथे नमूद करून ठेवतो.

ब्रेकच्या कामाला सर्वाधिक पैसे लागले आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. परिणामी पुढच्या डिस्क ब्रेकचे पिस्टन आणि मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर आतून गंजून पूर्ण जाम झाले होते. १९६६ च्या गाडीत ब्रेकची एकच सामायिक लाइन आहे, म्हणजे एक रबरी नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. हे लक्षात घेतल्यावर ‘जे चालते ते राहू द्या’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही. सर्व नळ्या, सर्व रबरे, मास्टर सिलिंडर आणि क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे घातले. टायर दिसायला ठीक होते, तरी बाजूच्या भिंतींना बारीक चिरा असल्याने तेही बदलले. तारांच्या चाकांपैकी दोहोंच्या तारा सैल झालेल्या होत्या. त्या कसून घेतल्या.

पाण्याच्या बाजूला रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे दिला, पण खरा गाळ इंजिनच्या ब्लॉकमध्ये होता. ब्लॉकच्या मागच्या अंगाला पाणी काढून टाकण्याचा नळ असतो. तो उघडला तरी थेंबही आला नाही, कारण आतून गंजाचा घट्ट थर बसला होता. तारेने तो फोडून, दोन्ही दिशांनी पाण्याचा दाब देऊन, स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक धुतला. विहिरीचे क्षारयुक्त पाणी पुन्हा भरायचे नाही असे ठरवून शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घातले, आणि थर्मोस्टॅट ८२ ऐवजी ७४ अंशांना उघडणारा निवडला. आपल्याकडचा एप्रिल-मे पाहता तो योग्यच ठरला.

पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा तळाशी काकवीसारखा घट्ट, तपकिरी थर होता आणि त्याचा उग्र वास शेडबाहेर आल्यावरही हाताला राहत होता. टाकी आधी पाण्याने पूर्ण भरून, आतली वाफ निघून गेल्याची खात्री करूनच पुढचे सोल्डरिंगचे काम केले. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, हे अशा कामात विसरून चालत नाही. एसयूचा विजेवर चालणारा पंप या गाडीत मागच्या उजव्या चाकाजवळ, खालच्या बाजूस असतो. चावी फिरवली की तो टकटक करतो आणि कार्बोरेटरची फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाची) वाटी भरली की थांबतो. न थांबता टकटकत राहिला तर कुठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा हवा ओढली जाते आहे, हे ऐकूनच कळते. आमचा पंप मुकाच होता. आतील पॉइंट (विजेचे संपर्क) काळे पडले होते. ते बारीक पॉलिश पेपरने साफ करताच तो बोलू लागला.

आता इथेनॉलविषयी, कारण आपल्या भागात राहून ही गाडी चालवायची तर हा विषय टाळता येत नाही. ज्या उसावर सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचे अर्थकारण उभे आहे, त्याच उसापासून बनलेले इथेनॉल आज पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात चांगलेच आहे, आणि मी स्वतः ऊस लावतो, त्यामुळे तक्रार करण्याचा अधिकार मला थोडा कमीच आहे. परंतु १९६६ सालच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. जुन्या होज पाइपचे आतले अस्तर मऊ होऊन सुटते आणि त्याचे काळे कण फ्लोटच्या सुईखाली अडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, जिथून नेमका पंप पेट्रोल उचलतो. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबर इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटन जातीचे घातले, फ्लोटच्या सुयाही तशाच टोकाच्या घेतल्या आणि पंपाआधी एक पारदर्शक फिल्टर बसवला, ज्यात पाणी साचले तर डोळ्यांना दिसते.

विजेच्या बाजूला एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या सर्व गाड्यांच्या नेमके उलट. मूळ गाडीत सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या होत्या. त्याऐवजी एका खणात मावणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी घेतली. ती बसवायला आलेल्या मुलाचा हात सवयीने काळी वायर बॉडीकडे नेत होता, त्याला वेळीच थांबवले आणि झाकणाच्या आत ‘बॉडीला पॉझिटिव्ह’ असे रंगाने ठळक लिहून टाकले.

इंजिनात २०डब्ल्यू५० ऑइल भरले. घेताना त्यातील झिंकचे प्रमाण पाहून घेतले, कारण या जुन्या रचनेत कॅमशाफ्टचा कॅम टॅपेटवर थेट घासतो आणि त्या घर्षणात झिंकचा थरच धातूला वाचवतो. प्लग न बसवता सेल्फ मारत राहिलो आणि ऑइल प्रेशरचा काटा वर आल्यावरच प्लग लावले. टॅपेटचे अंतर ०.३८ मिलिमीटर ठेवले. येथे मिस्त्रींनी नऊचा हिशेब वापरला: आठ व्हॉल्व्हपैकी जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा आणि येईल त्या क्रमांकाचा टॅपेट सेट करायचा. पहिला दाबलेला असेल तर आठवा, तिसरा दाबलेला असेल तर सहावा. कागद-पेन्सिल न घेता त्यांचे हे काम चहा निवण्याच्या आत झाले.

गाडी सुरू झाली ती फारसे नाट्य न घडता. क्लचप्लेट मात्र फ्लायव्हीलला चिकटलेली होती, त्यामुळे पेडल दाबूनही गिअर पडेना. मागचा भाग भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून, गाडी चौथ्या गिअरमध्ये सुरू करून, क्लच पूर्ण दाबून ब्रेक मारला तेव्हा मोठा आवाज होऊन ती सुटली. गल्लीत, पोवई नाक्यापर्यंत आणि परत अशी गाडी छान चालली. बघणाऱ्यांनी काम झाले असे जाहीर केले.

ते झाले नव्हते, हे यवतेश्वरच्या घाटाने सांगितले. सातारा शहर सोडून कासच्या रस्त्याला लागले की लगेच चढ सुरू होतो, आणि पहिल्या मोठ्या वळणानंतर इंजिनातला जीवच गेला. ॲक्सिलरेटर दाबावा तितका आवाज वाढत होता, ओढ मात्र वाढत नव्हती, आणि पाण्याच्या तापमानाचा काटा चढाबरोबर चढत होता. खाली आल्यावर सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणाले जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे छिद्र) मोठा करा, कोणी म्हणाले मिश्रण पातळ पडते आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, कोणी रेडिएटरचा गाभा बदलायला सांगितला. प्रत्येक सल्ला एकेका लक्षणाला लागू पडत होता, परंतु ओढ नसणे आणि गरम होणे या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच असू शकते, असे कोणी धरून चालत नव्हते.

मिस्त्रींनी ठिणगी नेमकी केव्हा पडते ते दाखवणारी टायमिंग लाइट आणली. इंजिन मंद चालू असताना पुलीवरची खूण जिथे हवी तिथेच दिसत होती. रेस वाढवली की ती खूण सरकायला हवी, कारण इंजिनचा वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडावी लागते. पेट्रोल जळायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, पण पिस्टनला वर यायला लागणारा वेळ कमी होतो. आमची खूण जागची हललीच नाही. डेल्को (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) उतरवून आतली पाटी काढली तेव्हा कारण स्पष्ट दिसले. वेग वाढला की बाहेर फेकली जाऊन ठिणगी पुढे सरकवणारी दोन छोटी वजने आपल्या खिळ्यांवर गंज आणि वाळलेल्या ग्रीसने घट्ट बसली होती. म्हणजे गल्लीत सर्व ठीक, आणि घाटात ठिणगी उशिरा. उशिरा पडलेल्या ठिणगीचा जाळ पिस्टनला ढकलण्याऐवजी बराचसा एक्झॉस्टमध्ये जातो. शक्ती कमी होते आणि ती उष्णता हेड व पाणी यांना सोसावी लागते. रेडिएटर निर्दोष होता, आणि जेटही.

या डेल्कोत आणखी दोन दोष निघाले. इंजिनच्या ओढीने ठिणगी पुढे सरकवणाऱ्या व्हॅक्युमच्या डबीतील पडदा फाटलेला होता. नळीला तोंड लावून हवा ओढली तर ती अडत नव्हती, यावरूनच ते कळले. घाटातल्या ओढीशी त्याचा संबंध कमी, कारण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर व्हॅक्युम उरतच नाही. सपाट रस्त्यावरच्या ॲव्हरेजशी मात्र असतो. दुसरा दोष अधिक त्रासदायक होता. मधला दांडा आपल्या बुशमध्ये इतका खुळखुळत होता की पॉइंटचे अंतर एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला कमी भरत होते. ते अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे लागते. एवढ्या बारीक हिशेबात दांडा डोलत असेल तर चारही सिलिंडरांना ठिणगी वेगवेगळ्या क्षणी मिळते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर ब्राँझचे बुश करून घेतले. वजने धुऊन मोकळी केली, खिळ्यांवर ऑइलचा थेंबच तेवढा सोडला, आणि पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वी १० अंशांवर स्थिर टायमिंग (इंजिन बंद असताना धरायचे) धरून डेल्को पुन्हा बसवला. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा भाग) मात्र मी जुनाच ठेवला, कारण हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा मला भरवसा नाही.

त्यानंतर यवतेश्वरच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निर्धास्त ओढत गेली आणि तापमानाचा काटा मधोमध राहिला.

मग कुठे कार्बोरेटरची पाळी आली. थ्रॉटलचे दांडे झिजून त्यांच्या कडेने हवा आत जात होती, म्हणून आधी ते आणि त्यांचे बुश बदलले. ही गळती राहिली तर पुढचे सर्व ट्युनिंग वाया जाते. प्रत्येक कार्बोरेटरचा पिस्टन उचलून सोडला तर तो अडखळता कामा नये आणि खाली स्पष्ट ‘टक’ असा आवाज यायला हवा. एकाचा येत नव्हता, तिथे जेट मध्यभागी आणून बसवला. वरच्या डबीत २० ग्रेडचे पातळ तेल घातले. दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकायचे. दोन्हीकडचा सुस्कारा सारखा झाला की दोन्ही जोडणारा दांडा कसायचा. मिश्रण पाहण्याची पद्धतही तशीच साधी आहे. खालची पिन दाबून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा: इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट, लगेच पडला तर पातळ, आणि क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर.

पुस्तकात सुरुवातीला जेटचा नट वरून दोन पूर्ण फेरे खाली घ्यायला सांगितले आहे. आमची गाडी तेथे समाधानी नव्हती, तिला आणखी खाली यावे लागले, आणि त्याचे कारण पुन्हा ऊसच. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला अवघी ९. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. तेवढ्याच हवेत अधिक इंधन द्यावे लागते, आणि जेट खाली घेतला की ते वाढते. आधुनिक गाडीचा संगणक हे स्वतः जुळवून घेतो, येथे ते पान्याने करावे लागते. डेल्को बिघडलेला असताना हाच जेट खाली-वर केला असता तर कोणता बदल इथेनॉलसाठी आणि कोणता चुकलेल्या ठिणगीसाठी, हे कधीच कळले नसते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे होते, पण झाले. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले आहेत आणि त्यात क्रमांकावर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. मला रविवारी सकाळी सज्जनगडाकडे जायचे असते. म्हणून मी जुन्या नोंदणीचे नूतनीकरणच करून घेतले.

एक काम अजून शिल्लक आहे. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे, आणि आपल्याकडे २००० सालापासून देशभर शिसेरहित पेट्रोलच मिळते. शिसे नसल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची मऊ ओतीव लोखंडाची सीट हळूहळू झिजते. त्यावर उपाय म्हणजे हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवून घेणे. हलक्या वापरात ही झीज सावकाश होते, असे मिस्त्रींचे आणि माझेही मत आहे, त्यामुळे निव्वळ त्यासाठी आज हेड उघडण्याची आम्हाला गरज वाटत नाही. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचे अंतर आपोआप कमी होत जाते. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला सेट करण्यापूर्वी आठही अंतरे फिलर गेजने मोजून वहीत लिहून ठेवतो. एक्झॉस्टचे आकडे सतत घटू लागले की हेड कोल्हापूरला जाईल. तोवर ते आहे तिथेच बरे आहे.